गच्चीवरचं अ‍ॅक्वापोनिक्स किट: अकरा महिने वापरून झाल्यावर

मागच्या वर्षी दसऱ्याच्या सेलमधे घरगुती अ‍ॅक्वापोनिक्सचं किट मागवलं होतं. पहिल्याच महिन्यात रिव्ह्यू लिहिला असता तर रागाच्या भरात एक स्टार देऊन मोकळी झाले असते, म्हणून मुद्दाम थांबले, आता थंडी ऊन पाऊस सगळं बघून झालंय तर सविस्तर लिहिते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अशी दिसायला सेम टू सेम किट्स तीन-चार नावांनी मिळताना मी बघितलीयत आणि मला जे सांगायचंय ते बहुतेक सगळ्यांना लागू पडेल.

आधी किटमधे काय आलं ते. दीडशे लिटरची जाड प्लास्टिकची टाकी, तिच्या वर लोखंडी स्टँडवर बसणारा तीन फूट बाय दोन फुटाचा ट्रे (ह्याला ते ग्रो बेड म्हणतात), १८ वॅटचा पाण्यात बुडवायचा पंप, पाईप, बेल सायफनचा सेट (ट्रे भरला की तो आपोआप रिकामा करणारे पाईप), भाजलेल्या मातीच्या गोळ्यांची दोन पोती, चार पाकिटं बिया आणि एक चार पानी माहितीपत्रक. किंमत साडेचौदा हजार पडली. मासे वेगळे, ते आपले आपण आणायचे.

ज्यांना माहीत नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात, खालच्या टाकीत मासे, वरच्या ट्रेमधे गोळ्यांमधे भाजी, माती अजिबात नाही. पंप माशांचं पाणी वर चढवतो, झाडं त्यातलं खत घेतात आणि पाणी गाळून परत खाली येतं. ऐकायला एवढं सोपं वाटतं ना, आणि माहितीपत्रकातही एवढंच लिहिलंय. पण मधली जी पायरी आहे ती तिथे नव्हतीच, आणि माझे मासे त्या न लिहिलेल्या पायरीमुळे गेले.

झालं असं की आमच्याकडे चिंचवडला पाणी एक दिवसाआड येतं. किट जोडून झालं तो दिवस नेमका बिनपाण्याचा, मग बोअरचं पाणी भरलं. पत्रकात लिहिलं होतं की चोवीस तास पंप चालवा आणि मासे सोडा. मी तर दोन दिवस चालवला. तिसऱ्या दिवशी मुलीला घेऊन शोभेच्या माशांच्या दुकानात गेले आणि दहा छोटे गोल्डफिश आणले, तिने प्रत्येकाला नाव ठेवलं. चार दिवस मजेत होते. पाचव्या दिवशी सकाळी गच्चीवर गेले तर सगळे वर पाण्याच्या तोंडाशी येऊन तोंड उघडमीट करत होते, कल्ले लालबुंद झालेले, आणि खाद्य टाकलं तरी एकही हलेना. दुपारपर्यंत तीन गेले, दुसऱ्या दिवशी आणखी चार. मुलगी शाळेतून आल्यावर तिला कसं सांगायचं ह्याच्यातच माझा दिवस गेला.

कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले तर दोन दिवसांनी उत्तर आलं की खाद्य जास्त झालं असेल. खरं काय ते त्या दुकानातल्या मासेवाल्याने सांगितलं. त्याने पहिला प्रश्न विचारला, "ताई, पाणी सेट होऊ दिलं होतं का?" मला काही कळेना. मग त्याने त्याच्याकडच्या लिक्विड टेस्ट किटने माझ्या बाटलीतलं पाणी तपासलं. नळीत पाणी घेऊन दोन बाटल्यांमधले आठ-आठ थेंब टाकले, पाच मिनिटं थांबलो, आणि पिवळं राहायला पाहिजे होतं ते पाणी गडद हिरवं झालं. तक्त्यावर ते चार पीपीएमच्या (म्हणजे दहा लाखात चार भाग) खान्याशी जुळत होतं. अमोनिया. आणि पीएच, म्हणजे पाणी आम्लाकडे आहे का अल्काकडे ते सांगणारा आकडा, ८.२. मधोमध म्हणजे ७.

तर ती मधली पायरी अशी आहे. मासे कल्ल्यांमधून अमोनिया सोडतात, तो त्यांच्यासाठीच विष असतो आणि झाडांच्याही थेट फारसा कामाचा नसतो. एका जातीचे जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, ते पण विषारीच, आणि मग दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते झाडांना आवडतं आणि माशांना बराच काळ चालतं. हे जिवाणू विकत घेतलेल्या गोळ्यांमधे नसतात, ते हळूहळू आपोआप वस्ती करतात आणि पूर्ण वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे मी ज्या दिवशी मासे सोडले त्या दिवशी वरचा ट्रे नुसता गोळ्यांचा ढीग होता, तिथे काम करणारं कोणी नव्हतं.

आणि बोअरच्या पाण्याने आणखी घात केला. अमोनिया पाण्यात दोन रूपात असतो, एक सौम्य आणि एक जहाल, आणि पीएच जेवढा जास्त तेवढा जहाल भाग वाढतो. पंचवीस डिग्रीच्या पाण्यात पीएच ७ असेल तर शंभर भागातला जेमतेम अर्धा भाग (०.५ टक्के) जहाल असतो, पीएच ८ झाला की पाच भागांच्या वर जातो. म्हणजे त्याच अमोनियाचा त्रास दहापट. माझं पाणी ८.२ चं. हे पत्रकात दोन ओळीत लिहिता आलं असतं हो. साडेचौदा हजारांच्या वस्तूबरोबर एक पान जास्त छापायला काय हरकत होती, हा माझा सगळ्यात मोठा राग आहे आणि तो अजून गेलेला नाहीये.

उरलेले तीन मासे वाचवायचे होते. मासेवाल्याने स्वतःच्या जुन्या टँकच्या फिल्टरमधला एक काळपट चिकट स्पंज काढून पिशवीत घालून दिला, म्हणाला, "ताई, हा धुऊ नका हां, असाच घाणेरडा टाका." त्यातच ते जिवाणू असतात, विरजणासारखं. रोज चाळीस-पन्नास लिटर पाणी बदललं, ह्या वेळी नळाचं पाणी आदल्या दिवशी ड्रममधे भरून त्यात हवेचा दगड (एअर पंपाला जोडून बुडबुडे सोडणारा) सोडून ठेवलेलं, म्हणजे क्लोरीन उडून जातं. नायट्राइट वाढायला लागल्यावर लिटरला एक ग्रॅम हिशोबाने दीडशे ग्रॅम जाडं मीठ, आयोडीनवालं नाही. मीठ नायट्राइटला माशाच्या रक्तात शिरू देत नाही. झाडं अजून लावली नव्हती म्हणून हे चाललं, नाहीतर झाडांना मीठ सोसत नाही, नंतरच्या पाणीबदलात ते निघून गेलं. खाद्य दिवसाआड, चिमूटभर.

साधारण साडेपाच आठवडे लागले. रोज संध्याकाळी मी आणि मुलगी टेस्ट करायचो, ती वहीत रंगीत पेन्सिलीने नळीचा रंग काढायची. अमोनियाचा हिरवा हळूहळू पोपटी होत गेला, मधे नायट्राइट जांभळं जांभळं, आणि एका रविवारी अमोनिया पिवळा, नायट्राइट आकाशी आणि नायट्रेट केशरी असं तिन्ही एकदम आलं. मुलगी ओरडत खाली गेली आजोबांना सांगायला. ते तीन मासे अजून आहेत, आता चांगले बोटभर लांब झालेत.

म्हणून माझा पहिला सल्ला, किटच्या आधी टेस्ट किट घ्या. लिक्विडवालं, पट्ट्या नकोत. मला अठ्ठावीसशेला पडलं आणि अख्ख्या खर्चात तेच सगळ्यात कामाचं निघालं.

आता बेल सायफनबद्दल लिहायलाच पाहिजे, कारण बऱ्याच जणांचं किट इथेच अडगळीत जातं असं मला वाटतं. ट्रेमधे पाणी सतत साठून राहिलं तर मुळं कुजतात, सतत कोरडं राहिलं तर सुकतात, म्हणून ट्रे भरायचा आणि रिकामा व्हायचा, परत भरायचा. हे काम सायफन करतो, कुठलाही टायमर नाही, वीज नाही. ट्रेच्या मधे एक उभा पाईप, त्याच्यावर टोपीसारखा मोठा बंद पाईप. पाणी उभ्या पाईपच्या तोंडावरून सांडायला लागलं की टोपीतली हवा ओढली जाते आणि सगळं पाणी एकदम खेचलं जातं, तळाला आलं की खालच्या खाचांमधून हवा शिरते आणि खेच तुटते. आमचा सायफन सुरूच व्हायचा नाही. पाणी नुसतं उभ्या पाईपमधून बारीक धारेने गळत राहायचं, तासन्‌तास. नळ मोठा केला की सुरू व्हायचा पण मग तुटायचा नाही, तळाशी गुळण्या केल्यासारखा आवाज करत बसायचा.

माझे सासरे, अण्णा, भोसरीला वर्कशॉपमधे टर्नर होते, रिटायर होऊन बारा वर्षं झाली. त्यांनी दोन दिवस काहीच केलं नाही, नुसते खुर्ची टाकून ट्रेजवळ बसले आणि ऐकत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अगं, पाईपाचं तोंड अरुंद आहे, पाणी एकदम आत पडत नाही, कडेकडेनं ओघळतंय. त्याला नरसाळं पाहिजे." मग हार्डवेअरच्या दुकानातून एक इंचावरून पाऊण इंचाचा पीव्हीसी रिड्यूसर आणला, वीस रुपयांचा, मोठं तोंड वर करून उभ्या पाईपवर बसवला, कानशीने आतली कड गुळगुळीत केली आणि बोट फिरवून फिरवून बघितली. ट्रे भरला. काठाला आल्यावर एक सेकंद शांत, मग गड् गड् गड् आणि घळ्ळकन सगळं खाली. अण्णांनी घड्याळ लावलं, बारा मिनिटं भरायला आणि तीन मिनिटं रिकामं व्हायला. तेव्हापासून आजपर्यंत तो एकदाही अडकला नाही, फक्त महिन्यातून एकदा टोपी काढून मुळं साफ करावी लागतात, पुदिन्याची मुळं आत घुसतात. कंपनीने हा वीस रुपयांचा तुकडा आधीच द्यायला हवा होता. पण ते बाजूला ठेवून सांगते, अण्णा आता रोज सकाळी चहा घेऊन वर जातात आणि तीन-चार वेळा सायफन सुटेपर्यंत बसतात, आईंच्या मागे ते बरेच गप्प झाले होते, ह्या एका गोष्टीसाठी मी किटला काहीही माफ करायला तयार आहे.

भाजी. जाहिरातीत अख्खा ट्रे लेट्यूस आणि टोमॅटोने भरलेला दाखवलाय, तसं होणार नाही हे आधी सांगते आणि का ते पण सांगते. झाडांचं सगळं खत शेवटी माशांच्या खाद्यातूनच येतं. एफएओने (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) लहान अ‍ॅक्वापोनिक्ससाठी दिलेला हिशोब आहे की पालेभाजीला दर चौरस मीटरला रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य लागतं, फळभाजीला ५० ते ८०. माझा ट्रे अर्ध्या चौरस मीटरच्या थोडा वर आहे, म्हणजे रोज साधारण पंचवीस ग्रॅम खाद्य माशांनी खाल्लं पाहिजे. नंतर आणलेले धरून माझे आता बारा गोल्डफिश आहेत, सगळे मिळून दिवसाला पाच ग्रॅम खातात. म्हणजे हिशोबाने सव्वा चौरस फूट पालक. मी दोन चौरस फुटात लावते, जरा सावकाश वाढतो पण चांगला येतो. पहिल्यांदा मी सगळा ट्रे पालकाने भरला होता आणि सगळाच फिका, किडमिडा आला, मला वाटलं बियाणं खराब. जास्त खाद्य टाकून उपयोग नाही, न खाल्लेलं कुजून परत अमोनियाच होतो. ट्रे भरून भाजी पाहिजे तर सगळे मिळून दीड-दोन किलो भरतील असे भरपूर खाणारे मासे पाहिजेत, दीडशे लिटरमधे ती वरची मर्यादा झाली आणि शोभेच्या माशांनी ते होत नाही.

सगळ्यात भारी येतो पुदिना. मंडईतल्या दहा रुपयांच्या जुडीतल्या जाड काड्या खोचल्या, पाने खुडून, आठ दिवसात पांढरी मुळं. तुळस छान. मेथी गोळ्यांवर पसरून वरून ओला फडका टाकला की उगवते. अळूचा एक कंद लावला होता तो तर सुटलाच, श्रावणात दोनदा अळूवड्या झाल्या आणि शेजारी दिल्या ते वेगळं. कोथिंबीर मला जमली नाही, धणे रगडून लावले तरी गोळ्यांच्या फटीतून खाली जातात, रोपं वेगळी करून मुळांची माती धुऊन लावली तर थोडी आली. टोमॅटोचं एक रोप लावलं, वाढलं भरपूर पण फळं सहा-सातच आणि बाकी सगळ्यांचं खत खाऊन बसलं, काढून टाकलं.

जानेवारीत पालकाची नवीन पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या अशी व्हायला लागली. ही लोहाची कमतरता, माशांच्या खाद्यात झाडांना पुरेल एवढं लोह नसतंच त्यामुळे ती आज ना उद्या प्रत्येकाकडे येणार. कृषी सेवा केंद्रातून ईडीटीएवालं लोह (ईडीटीए म्हणजे लोह पाण्यात विरघळलेलं धरून ठेवणारं रसायन) आणलं, टाकलं, पंधरा दिवस काही फरक नाही. मग कळलं की ईडीटीए पीएच साडेसहाच्या आसपासपर्यंतच धरतं, माझं पाणी तेव्हा पावणेआठ होतं. त्याच कामाचं डीटीपीए साडेसातपर्यंत चालतं, त्याच्या वर ईडीडीएचए पाहिजे, मग ते आणलं. लिटरला दोन मिलिग्रॅम लोह ह्या हिशोबाने दीडशे लिटरला सहा टक्के लोह असलेलं ते पाच ग्रॅम होतं, बादलीत विरघळवून हळूहळू सोडलं. आणि सगळं पाणी लाल झालं! अगदी कोकम सरबत. मी घाबरून मुलीला वर येऊ दिलं नाही, परत मासे गेले असं वाटलं. पण त्याचा रंगच तसा असतो, मासे आरामात फिरत होते, काही दिवसात रंग कमी झाला आणि दहाव्या दिवशी नवीन पानं हिरवी आली.

कीड पडली तर औषध मारता येत नाही हे लक्षात ठेवा. मी कुंड्यांवर नेहमी कडुनिंबाचं तेल मारते, ते पाण्यात गेलं तर मासे मरू शकतात. मावा आला की ओल्या ब्रशने पुसायचा, फार झाला तर ती फांदीच कापायची. शेजारच्या कुंड्यांवर फवारणी असेल तेव्हा ट्रेवर प्लास्टिक टाकते.

लाइटचं. पंप १८ वॅट आणि मी लावलेला हवेचा पंप ५ वॅट, चोवीस तास चालून महिन्याला सोळा-सतरा युनिट होतात, ते काही फार नाही. भीती आहे ती लाइट जाण्याची. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी चार-पाच तास जाते. बारा माशांना तेवढं निभतं पण उन्हाळ्यात गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी असतो, म्हणून बॅटरीवरचा छोटा एअर पंप घ्याच, हजाराच्या आत येतो. किटबरोबरचा मोठा पंप पाचव्या महिन्यात बंद पडला, वॉरंटीत बदलून दिला खरा पण तीन आठवडे लावले. तोपर्यंत मी बाजारातून दुसरा आणला होता, पंपाशिवाय तीन आठवडे मासे कोण ठेवणार?

एप्रिल-मे मधे गच्चीवर पाणी बत्तीसच्या पुढे गेलं, गोल्डफिश थंड पाण्यातला मासा. टाकी जिन्याच्या सावलीत सरकवायची म्हटलं तर भरलेली हलत नाही, दीडशे लिटर म्हणजे दीडशे किलो आणि वर ओल्या गोळ्या, त्यामुळे जागा आधीच विचार करून ठरवा, आणि जुन्या बिल्डिंगच्या बाल्कनीत ठेवणार असाल तर खरंच कोणाला तरी दाखवून घ्या. शेवटी हिरवी शेडनेट बांधली, टाकीभोवती थर्माकोल लावलं आणि दुपारी फ्रीजरमधल्या पाण्याच्या बंद बाटल्या सोडल्या. नवीन घेणाऱ्यांनी आपल्याकडच्या उन्हाला गप्पीच ठेवावेत असं माझं मत झालंय, काटक असतात आणि डासांच्या अळ्या पण खातात. टाकीला ऊन लागलं की शेवाळ धरतं, त्यामुळे वरून झाकण हवंच, किटमधे नाही. आणि पावसाळ्यात छप्पर, जुलैत एका रात्रीत टाकी भरून वाहिली, नशीब जाळी होती.

स्टँडला जोडांच्या जागी गंज आलाय, अण्णांनी घासून रंग मारला. टाकी आणि ट्रे मात्र दणकट आहेत, उन्हाने तडे नाहीत, रंग नाही उडाला. मातीच्या गोळ्या चांगल्या हलक्या, धुताना पाणी लाल निघतं ते सहा-सात वेळा धुवा. कोणी स्वतः बनवणार असेल तर आपल्याकडची काळी खडी पण चालते, फक्त आधी चार दगडांवर व्हिनेगर टाकून बघा, फेस आला तर त्यात चुना आहे, तो पीएच वाढवत राहतो.

पैशाचं विचाराल तर टेस्ट किट, मासे, शेडनेट, दुसरा पंप धरून माझे बावीस हजाराच्या वर गेलेत, पुदिना आणि पालकाने ते वसूल व्हायला किती वर्षं लागतील हे ज्याने त्याने बघावं. पाणी मात्र खरंच कमी लागतं, थंडीत दिवसाला तीन-चार लिटर भर, मे मधे सात-आठ, एवढ्यात कुंड्यांमधली अर्धी झाडं पण भिजत नाहीत. दिवसाआड पाणी येणाऱ्या घरात ह्याला किंमत आहे.

टाकी, ट्रे, गोळ्या ह्यांना चार स्टार. पंप आणि सर्व्हिसला दोन. माहितीपत्रकाला शून्य, देता येत असता तर. घ्यायचं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे घ्या, हवा बरी असते, आणि मासे आणायच्या आधी ओळखीच्या मासेवाल्याकडून एक न धुतलेला स्पंज मागून आणा. आमच्याकडून हवा असेल तर चिंचवडमधल्यांनी कमेंट करा, टाकीत कायम दोन जास्तीचे टाकून ठेवलेत, फुकट देईन.